माझी झाकणं चौकात आहेत

आमच्या घराखालच्या चौकात महापालिकेने एक पाटी लावली होती, 'सायकलस्वारांनो, सांभाळून जा.' आमचे हे त्याच पाटीच्या खांबावर जाऊन आदळले.

लोक हसतात, पण यात यांची चूक नव्हती. यांच्या चुका मी कधी लपवत नाही, कुणी विचारलं नाही तरी सांगते, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. चौक नवा केला तेव्हा सायकलींसाठी लाल पट्टा आखला. तो उतारावरून छान सरळ खाली येतो आणि चौकाच्या तोंडाशी, पट्ट्याच्या बरोब्बर मध्यभागी, हा खांब. खांबाच्या एका बाजूला गटाराची जाळी, दुसऱ्या बाजूने वळणाऱ्या गाड्या. आणि कोपरा असा ऐसपैस गोल कापलेला, की आपण वळलो हे गाडीवाल्याला पुढच्या गल्लीत गेल्यावर कळायचं. मग सायकलवाल्याने जायचं कुठून? तर वरून. पंख लावून.

त्या दिवशी एक गाडी सुसाट वळली. यांनी गाडी चुकवली आणि खांब गाठला. नाक सोललं, मनगट सुजलं, आणि पुढच्या चाकाला असा काही आकार आला की सायकल दुरुस्त करणारा म्हणाला, "काका, हे मी दुकानात शोभेला लावू का?"

संध्याकाळी मुलगा कामावरून आला, यांच्या नाकाकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबांनी आजपासून सायकल चालवायची नाही. चौक नीट होईल तेव्हा बघू. विषय संपला."

त्याचा संपला. माझा तिथून सुरू झाला.

हे कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी चहा झाला की सायकल काढायची, चौक ओलांडून पलीकडच्या बागेत बुद्धिबळ खेळायला जायचं आणि जेवायला परत यायचं. आमचा संसार इतकी वर्षं टिकला तो प्रेमावर टिकला असं सूनबाईला वाटतं. तो सायकलीवर टिकला. चालत जातील म्हणावं, तर यांचे गुडघे सायकलवर चालतात, जमिनीवर चालत नाहीत. कुणी गाडीने सोडतो म्हटलं, तर दुसऱ्याच्या गाडीत बसून खेळायला जाणं म्हणजे यांना दवाखान्यात नेल्यासारखं वाटतं.

तर हे घरी बसले. पहिल्या सकाळी पेपर वाचला. दुसऱ्या सकाळी पेपर पुन्हा वाचला. आणि मग हात पाठीमागे बांधून माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. घरात साप निघाला असता तर मी इतकी घाबरले नसते. सापाला काठी तरी मारता येते.

"मीठ इथे का ठेवतेस?"

"लागतं म्हणून."

"आणि साखर त्याच्या शेजारी? उद्या हात चुकला तर?"

"लग्न झाल्यापासून चुकला नाही."

"म्हणजे चुकायची वेळ जवळ आली." हे म्हणाले आणि आत आले.

मग जे झालं ते सांगताना अजून माझं डोकं भणभणतं. स्टोअरचा नियम म्हणे, जड वस्तू खाली, हलकी वर, आणि एका जातीच्या वस्तू एका जागी. पळी, झारा, उलथनं यांच्या रांगा लावल्या, शाळेत प्रार्थनेला उभ्या करतात तशा. मी चहाला साखर घ्यायला गेले तर विचारतात, "किती काढलीस?" मी म्हटलं, "तुमच्या चहात घालणार होते तेवढी." आणि तेवढी मी घातली नाही.

शेवटी एका सकाळी हे डब्यांची झाकणं काढत बसलेले दिसले. मी विचारलं, "अहो, झाकण डब्यावर असतं ना?"

"डबा ही एक वस्तू, झाकण ही दुसरी वस्तू," हे शांतपणे म्हणाले. "तू दोन्ही एकत्र ठेवतेस, म्हणून तुझी मोजदाद कधी जुळत नाही."

तेव्हा मी जे बोलले ते खालच्या मजल्यावर दातवाल्या डॉक्टरांकडे तोंड उघडून बसलेल्या माणसालाही ऐकू गेलं, आणि त्याने म्हणे भीतीने तोंड मिटलं. यांना ते लागलं. छातीवर हात ठेवून म्हणाले, "यापुढे मी तुझ्या स्वयंपाकघराबद्दल एक अक्षर बोलणार नाही." आमच्या यांचं असं आहे की एरवी शब्द पाळायचं लक्षात राहत नाही. हा पाळला. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

पण एक अक्षर बोलणार नाही म्हणाले, हात लावणार नाही असं कुठे म्हणाले होते? मी ठरवलं, चौक दुरुस्त झालाच पाहिजे. या माणसाला परत सायकलवर बसवलं नाही तर मी एक दिवस स्वतःच स्टोअरमध्ये जमा होईन, जड वस्तू म्हणून, खालच्या फळीवर.

शेजाऱ्यांनी सल्ले दिले. सल्ल्याला कुठे पैसे पडतात! वरच्या मजल्यावरचे भूगोलाचे मास्तर म्हणाले, "काकू, दोष चौकाचा नाही, उताराचा आहे. उतार काढून टाका." मी म्हटलं, "काढते. कुठे ठेवू?" दातवाले डॉक्टर मात्र चौकाबद्दल नेहमी जपून बोलत. चौक नवा झाल्यापासून त्यांच्याकडे पुढचे दात पडलेल्यांची रांग लागली होती आणि त्यांनी नुकतीच नवी खुर्ची घेतली होती. "चौक तसा वाईट नाही," ते म्हणाले, "लोकांनी फक्त तोंड मिटून सायकल चालवावी."

मी महापालिकेत गेले. माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यापुढे मास्तरांकडे मला शिकवण्यासारखं काही उरलं नाही. पण त्या इमारतीत शिरल्यावर कळलं की चौथी पुष्कळ झाली. तिथले बरेच जण तिसरीतून सुटलेले दिसत होते.

रस्त्यांच्या खात्यात एक तरुण साहेब बसले होते. टेबलावर नकाशा पसरलेला, नकाशा उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर चहाचे कप.

"बोला मावशी."

"तुझ्या आईला बहीण आहे का?"

"नाही."

"मग मावशी कुठून आली? काकू म्हण. तो चौकातला खांब काढ."

साहेब फार गोड बोलायचे. खांब विजेच्या खात्याचा, म्हणाले. खांबावरची पाटी वाहतूक खात्याची. खाली लाल रंग दिलाय तो तेवढा आमचा.

"आणि खांबावर आदळतो तो सायकलवाला कुणाचा?"

साहेबांनी जरा विचार केला. "तो तुमचा," ते म्हणाले.

मग त्यांनी मला नकाशा दाखवून समजावलं. चौक करण्याआधी म्हणे माणूस बसवून वाहनं मोजली होती. गाड्या भरपूर, सायकली जवळजवळ नाहीतच. मग सायकलींसाठी खर्च करायचा कशाला?

मी म्हटलं, "साहेब, दारात चावरं कुत्रं बांधायचं आणि वर म्हणायचं, आमच्याकडे पाहुणेच येत नाहीत. असं झालं हे."

त्यांना ते इतकं आवडलं की शेजारच्या टेबलाला बोलावून पुन्हा म्हणायला लावलं. काम मात्र केलं नाही. कामं अशीच राहतात. बोलणाऱ्याचं कौतुक होतं आणि खांब जागच्या जागी.

मी तापलेली घरी आले. आमच्या पॅसेजमध्ये सासूबाईंच्या वेळचं एक लाकडी कपाट होतं. रिकामं, अवजड, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कोपराला लागणारं. सासूबाई गेल्या, पण कोपराला लागायचं काम त्यांनी कपाटावर सोपवलं होतं. तेवढ्यात खालून भंगारवाल्याची हाक आली. राग कुणावर तरी काढायचा होता. मी खिडकीतून ओरडले, "वर ये! हे कपाट घेऊन जा!"

भंगारवाला आणि त्याचा भाऊ कपाट उचलू लागले. हे खोलीच्या दारात आले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. कपाट जिन्यातून खाली जाताना आतून खडखड असा आवाज आला. मी म्हटलं, "जुन्या लाकडाची हाडं वाजतात." यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आईची आठवण आली असेल. मी त्यांना पाणीसुद्धा दिलं.

कोपऱ्यावर भंगारवाल्याच्या हातगाडीचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं आणि मोडलं. दोघांनी कपाट खाली उतरवलं, फुटपाथपासून थोडं आत, रस्त्यातच, खांबाच्या अलीकडे. "चाक नीट करून आलोच," म्हणून दोघं गेले. ते अजून येताहेत.

संध्याकाळी मी दूध तापवलं आणि झाकण घ्यायला हात घातला. झाकण नाही. दुसरं बघितलं, तेही नाही. डब्यांची नाहीत, पातेल्यांची नाहीत. कुकर तर झाकणावाचून असा दिसत होता, जसा कुणी टोपी उडवलेला हवालदार.

"अहो, झाकणं कुठायत?"

हे गप्प.

"अहो, विचारतेय मी!"

यांनी ओठांवर बोट ठेवलं. स्वयंपाकघराबद्दल एक अक्षर नाही. शेवटी सूनबाईने लहान मुलाला विचारतात तसं गोडीत घेतलं. "बाबा, बोलू नका. नुसतं दाखवा." यांनी हळूच बोट उचललं आणि खिडकीबाहेर धरलं. मग खिशातून एक किल्ली काढून टेबलावर ठेवली.

मी महापालिकेत गेले होते तेवढ्यात यांनी घरातली सगळी झाकणं, एका जातीची वस्तू म्हणून, पॅसेजमधल्या कपाटात ओळीने लावली होती आणि कुलूप घातलं होतं. आणि कपाट डोळ्यांदेखत जिना उतरत असताना या माणसाने दिलेला शब्द पाळला होता!

मी किल्ली घेऊन धावत खाली गेले. बघते तो महापालिकेची माणसं कपाटाला पट्टी गुंडाळत होती. 'बेवारस वस्तू. हात लावू नये.' मी पुढे होणार, एवढ्यात मुलगा कामावरून येताना तिथेच थांबलेला दिसला.

"आई, बघ जरा," तो म्हणाला.

मी बघितलं. कपाटामुळे तो गोल कोपरा टोकदार झाला होता. वळणारी गाडी कपाटाजवळ आली की दबकायची, लांबच्या नातेवाइकाकडे पहिल्यांदा जावं तशी हळूच आत वळायची. आणि कपाट आणि फुटपाथ यांच्यामध्ये एक छान वाट राहिली होती, खांबाला आणि जाळीलाही वळसा घालून जाणारी. त्या वाटेने एक नर्सबाई सायकलवरून गेली. मग दूधवाला गेला. मग दोन शाळकरी मुली गेल्या, चक्क गप्पा मारत.

"हे कपाट इथे असंच राहिलं," मुलगा म्हणाला, "तर बाबांनी खुशाल सायकल चालवावी."

किल्ली माझ्या मुठीत होती. झाकणं हवीत तर कपाट माझं म्हणायचं. कपाट माझं म्हटलं की ते घरी न्यायचं. कपाट घरी आलं की हेही घरी. माणसाच्या आयुष्यात असे प्रसंग येतात. मी मूठ मिटली आणि वर येऊन दुधावर ताटली ठेवली. दूध उतू गेलं.

यांची सायकल दुरुस्त झाली, हे बागेत जायला लागले, माझं मीठ माझ्या जागी आलं. झाकणांवाचून काय हाल झाले ते मी सांगत नाही. ताटलीवर वाटी, वाटीवर बत्ता, असे मनोरे रचून मी स्वयंपाक करत होते. सूनबाई म्हणाली, "आई, नवीन झाकणं आणू या." मी म्हटलं, "माझी झाकणं मेलेली नाहीत. समोर उभी आहेत." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे वळसा सगळं गाव माझ्या कळशालाच घालत होतं.

एका सकाळी दातवाले डॉक्टर वर आले. चेहरा पडलेला. "काकू, ते कपाट थोडं सरकवता येईल का हो? नवी खुर्ची रिकामीच असते."

"कुठलं कपाट?" मी म्हटलं.

डॉक्टर गेले ते थेट महापालिकेत. दुसऱ्या दिवशी रस्तेवाले साहेब नकाशाची गुंडाळी काखेत धरून चौकात हजर. माणसं जमली. भूगोलाचे मास्तर छत्रीने कपाटाची उंची मोजत होते, का ते त्यांनाच माहीत. हे बागेतून परत येत होते, गर्दी बघून सायकलवरून उतरले.

"हे कपाट कुणाचं?" साहेबांनी विचारलं. कुणी बोलेना. "आत काय आहे ते तरी कुणाला माहीत आहे? धोक्याचं काही असेल तर आत्ताच उचलावं लागेल."

स्टोअरकीपरला असला प्रश्न विचारू नये. भुकेल्याला ताट दाखवण्यासारखं आहे ते. यांच्या तोंडून भसाभस निघालं, "वरच्या फळीवर डब्यांची झाकणं, मधल्या फळीवर पातेल्यांची, खाली कुकरचं, रिंगसकट!"

मी यांच्या दंडाला चिमटा काढला, पण चिमट्याने गेलेला शब्द परत येत नाही.

"तुम्हाला कसं माहीत?" साहेबांनी विचारलं.

"यांना सवय आहे," मी मध्ये पडले. "बंद कपाट दिसलं की हे आतलं सांगत सुटतात. चाळीस वर्षं स्टोअर सांभाळलंय. कधी बरोबर निघतं, कधी नाही."

"काकू," मागून डॉक्टरांचा आवाज आला, "तुमच्या पॅसेजमध्ये अगदी असंच कपाट होतं ना?"

"डॉक्टर, तुम्ही लोकांच्या तोंडात बघा. पॅसेजमध्ये बघू नका."

साहेब माझ्याकडे वळले. "काकू, सरळ सांगतो. कपाट तुमचं असेल तर दंड भरा आणि आजच्या आज हलवा. कुणाचंच नसेल, तर दावा सांगणारा येईपर्यंत आम्हाला ते हलवता येत नाही आणि उघडताही येत नाही. तसा नियम आहे." मग ते यांच्याकडे वळले. "काका, तुम्ही सांगा. कपाट तुमचं आहे का?"

मी देवाचं नाव घेतलं. कारण हे खोटं बोलत नाहीत. तेवढा एक दोष यांच्यात पहिल्यापासून आहे. उभ्या जन्मात एक खिळा लपवला नाही की वाढवून सांगितला नाही. यांनी माझ्याकडे बघितलं. मग कपाटाकडे, मग सायकलीच्या नव्या चाकाकडे. घसा साफ केला.

"साहेब, स्टोअरचा एक नियम आहे. एखादी वस्तू राजीखुशीने दुसऱ्याच्या हवाली केली, तो ती घेऊन दाराबाहेर पडला, की ती आपली राहत नाही. हे कपाट भंगारवाल्याचं आहे."

"भंगारवाला कुठे आहे?"

"चाक आणायला गेलाय," हे म्हणाले. आणि हे खरंच होतं!

त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की या माणसाला स्वयंपाकघरात एक फळी द्यावी. लहानशी. संध्याकाळपर्यंत ते वाटणं ओसरलं.

साहेबांनी कपाळाला हात लावला नाही, उलट हसले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. झालं होतं असं, की चौकात पुन्हा माणूस बसवून मोजणी केली होती आणि या वेळी सायकलीच सायकली! वरच्या साहेबांनी या साहेबांची पाठ थोपटली, की वा, काय नवा प्रयोग केलात. आता प्रयोग म्हणजे सासूबाईंचं कपाट आहे हे कोण सांगणार? तर प्रयोग कायमचा करायचं ठरलं.

एका सकाळी खिडकीतून बघते तो कामगारांनी कपाटाभोवती फळ्या ठोकलेल्या आणि सिमेंटची गाडी गुरगुरत उभी. मी तशीच खाली धावले.

"साहेब! हलवता येत नाही ना? उघडता येत नाही ना? मग हे काय?"

"हलवत नाही, उघडत नाही, काकू," साहेब तितक्याच गोड आवाजात म्हणाले. "पण वरून झाकायचं नाही, असं नियमात कुठेच लिहिलेलं नाही."

माझ्या डोळ्यांसमोर माझी झाकणं झाकली गेली.

काम सुबक झालं, नाही म्हणत नाही. खालून वरपर्यंत सिमेंट, आणि नव्या नकाशात कपाट काढलेलं होतं म्हणून गवंड्याने पुढच्या बाजूला दोन दारं आणि एक मूठसुद्धा कोरली. काळे-पिवळे पट्टे ओढले. पाटी खांबावरून काढून कपाटाला लावली, मग खांबाला काही काम उरलं नाही म्हणून विजेच्या खात्याने तो नेला. जे काम मी मागायला गेले होते ते असं झालं. उद्घाटनाला मला बोलावलं नव्हतं. डॉक्टरांना बोलावलं होतं. त्यांनी दोन शब्द बोलताना सायकलस्वारांच्या दातांना शुभेच्छा दिल्या.

आता माझ्याकडे नवी झाकणं आहेत. एकही नीट बसत नाही. जुन्या कपाटाची किल्ली यांच्या जुडग्यात अजून आहे. मी म्हटलं, "टाका ती." तर म्हणतात, "कुलूप आहे तोवर किल्ली ठेवायची असते."

रोज सकाळी चहा झाला की हे सायकल काढतात आणि मी खिडकीत येऊन उभी राहते. हे उतारावरून खाली येतात, कपाटापाशी जरा हळू होतात, घंटी वाजवतात आणि वळसा घालून पलीकडे जातात. सूनबाईच्या नजरेतून काही सुटत नाही. परवा म्हणाली, "आई, बाबा पलीकडे पोचेपर्यंत तुम्ही खिडकी सोडत नाही. काळजी वाटते ना?"

"काळजी? कसली काळजी?" मी म्हटलं. "माझी झाकणं आहेत तिथे. लक्ष नको ठेवायला?"

हे बागेच्या फाटकात शिरले की मी खिडकी लावून घेते. झाकणं काय, ती कुठे जाताहेत.